नागरिकशास्त्राची पोच

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. मुंबईत मतदान निम्म्याच्या थोडं वर गेलं आणि नंतर बरेच दिवस जिकडेतिकडे एकच सूर ऐकू आला. नव्या पोरांना शहराचं काही पडलेलं नाही, शाळांनी नागरिकशास्त्र मनावर घ्यायला हवं, मुलांमध्ये आवड निर्माण करायला हवी. ती कशी करायची हे मात्र कोणी सांगताना दिसलं नाही. व्याख्यानं ठेवा, घोषवाक्य स्पर्धा घ्या, प्रभातफेरी काढा, इथवर येऊन सगळ्यांची गाडी थांबते.

मी शिक्षिका नाही. १९८७ ते २०२१ अशी ३४ वर्षं महापालिकेच्या नोकरीत होते आणि त्यातली बहुतेक वर्षं एका विभाग कार्यालयात आवक-जावक टेबलावर काढली. लोक ज्याला वॉर्ड ऑफिस म्हणतात ते. काम सोपं. अर्ज घ्यायचा, तारखेचा शिक्का मारायचा, रजिस्टरला चढवायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि अर्जदाराच्या प्रतीवर तोच क्रमांक लिहून, सही करून ती त्याला परत द्यायची. या परत दिलेल्या प्रतीला आम्ही पोच म्हणतो. पोच हातात असली की माणूस पुढच्या खेपेला टेबलापुढे जरा वेगळा उभा राहतो. हे मी खूप वेळा पाहिलंय.

किती पोचा दिल्या त्याचा हिशेब नाही, पण एक हिशेब मनात पक्का आहे. एवढ्या वर्षांत शाळेच्या गणवेशातलं एकही मूल स्वतःच्या नावाचा अर्ज घेऊन माझ्या खिडकीशी आलं नाही. मुलं यायची ती जन्मदाखल्यासाठी, आईचा हात धरून. एकदा मात्र सहा-सात मुलींचा घोळका आला. हातात प्रकल्पवह्या. ‘मॅडम, इथे शिक्का मारा ना.’ बघते तर कोरं पान. वर चमकीच्या पेनाने ‘क्षेत्रभेट’ असं लिहिलेलं आणि त्याला महिरप. शिक्का आणला की पाच गुण, असं बाईंनी सांगितलं होतं म्हणे. कोऱ्या कागदावर मी शिक्का मारत नाही म्हटल्यावर बिचाऱ्या हिरमुसल्या. मग मीच कॅन्टीनमधून वडे मागवले. आज वाटतं, वडे देण्यापेक्षा एकेक कागद देऊन त्यांना अर्ज लिहायला बसवलं असतं तर? तेव्हा सुचलं नाही. साहेब केबिनमध्ये आहेत का, इकडेच माझं अर्धं लक्ष.

आता मुद्द्याचं. मी दादर पश्चिमेला एका जुन्या चाळीत राहते. निवडणुकीच्या आधी एक उमेदवार हात जोडत आमच्या गॅलरीतून फिरत होते. कोणते, ते राहू द्या. आमच्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाने त्यांना विचारलं, ‘तुम्ही निवडून आल्यावर नेमकं काय करता?’ खोचकपणा नव्हता, पोराला खरंच जाणून घ्यायचं होतं. उमेदवारांनी त्याच्या गालाला हात लावला, ‘आधी मत देण्याएवढा मोठा हो, मग सांगतो,’ म्हणाले आणि पुढच्या दाराशी गेले.

पोरगा माझ्याकडे आला. मी म्हटलं, सहावीत तुला धडा होता की शहरी स्थानिक शासन संस्थांचा. होता म्हणाला. काय आठवतं? ‘महापौर हा शहराचा प्रथम नागरिक असतो.’ मग जरा थांबून, ‘पण काकू, तेव्हा तर नगरसेवकच नव्हते.’

(तो मला काकू म्हणतो. त्याची धाकटी बहीण आजी म्हणते, तेव्हा मला ऐकू येत नाही.)

बोटांवर मोजलं, तर खरंच की! हा मुलगा २०२२ च्या जूनमध्ये सहावीत गेला. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत त्याच वर्षी ७ मार्चला संपली होती आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला होता. निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे २२७ नगरसेवकांचा धडा तो शिकला, रिकाम्या जागा भरल्या, पास झाला, आणखी तीन इयत्ता चढला आणि या सगळ्या काळात नगरसेवक नावाचा प्राणी त्याच्या शहरात नव्हताच. डायनासोरही त्याने असाच पुस्तकातून शिकला असेल.

मग मी त्याची पुस्तकं मागवून घेतली, शेजारच्या घरातून बाकीच्या इयत्तांचीही आणली आणि दोन दुपारी वाचत बसले. पुस्तकं वाईट नाहीत. आमच्या वेळच्यापेक्षा कितीतरी बरी आहेत, चित्रं आहेत, चौकटी आहेत, विचार करायला लावणारे प्रश्नही आहेत. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. गाव आणि शहर कोण चालवतं हे सहावीत. सातवीत संविधान, आठवीत संसद आणि न्यायव्यवस्था, नववीत परराष्ट्र धोरण आणि संयुक्त राष्ट्रे, दहावीत निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, चळवळी. विद्वानांनी काही विचार करून लावला असेल हा क्रम, जवळून दूर असा. पण अकरा वर्षांच्या मुलाला रस्ता एकट्याने ओलांडू देत नाहीत, त्याला आपण रस्ता कोणाच्या अखत्यारीत येतो ते शिकवतो. आणि चौदाव्या वर्षी, जेव्हा तो बसने एकटा हिंडतो, क्लासला जातो, दूध-ब्रेड आणतो, लायब्ररीत पुस्तक बदलतो, शहर त्याच्या पायाखाली येतं, तेव्हा त्याच्यापुढे सुरक्षा परिषदेचे पाच कायम सदस्य. तोवर सहावीचं पुस्तक रद्दीत गेलेलं.

दहावीत तर बोलायलाच नको. इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, त्यात राज्यशास्त्राला १२. क्लासवाले सरळ सांगतात, ते शेवटच्या आठवड्यात बघू. मुलं ‘पहिले मुख्य निवडणूक आयुक्त कोण’ म्हटल्याबरोबर ‘सुकुमार सेन’ म्हणतात, आणि मतदार यादीत नाव कुठे घालायचं ते विचारलं की एकमेकांकडे बघतात. त्यात शिकवणाऱ्या बाई ऐन मोसमात निवडणुकीच्या कामावर. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना इतर कामं लावायला मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं त्यातून वगळून. तेव्हा निवडणुकीचा धडा आणि निवडणुकीमुळे मिळालेला ऑफ तास एकाच आठवड्यात येऊ शकतात. मुलांना ऑफ तास जास्त आवडतो यात त्यांचा काय दोष?

तर त्या मुलाची एक तक्रार होती. आमच्या मागच्या गल्लीत त्यांचा क्लास रात्री साडेआठला सुटतो. गल्लीच्या मध्यावर तीसेक पावलं मिट्ट काळोख. मुली घोळक्यानेच जातात, एकीचा पाय उखडलेल्या पेव्हर ब्लॉकमध्ये मुरगळला होता. मी म्हटलं, अर्ज द्या. तो म्हणाला, ‘अर्ज मोठी माणसं देतात ना?’

दुसऱ्या दिवशी चौघं आली. दोन आमच्या चाळीतले मुलगे, एक मागच्या गल्लीतल्या टॉवरमधला आणि एक मुलगी माहीमच्या बाजूच्या वस्तीतून येणारी. टॉवरवाल्याचं म्हणणं, व्हिडिओ काढून टाकू, व्हायरल झाला की सगळे धावत येतात. मी विचारलं, त्याला आवक क्रमांक मिळतो का? हसले माझ्यावर. मग ती मुलगी म्हणाली, ‘महापालिकेच्या १९१६ ला फोन केला तरी नंबर मिळतो तक्रारीचा. आमच्याकडे पाणी तुंबलं की मीच लावते.’ मी गप्प. पुढे कळलं की राज्यशास्त्रात ही वर्गात खालून तिसरी. पण शिधावाटप कार्यालयात कोणत्या खिडकीशी जायचं, उत्पन्नाच्या दाखल्याला काय काय जोडायचं, झेरॉक्सवर सही कुठे करायची, सगळं तोंडपाठ. वस्तीतल्या निम्म्या बायकांचे फॉर्म तीच भरते. तिला येतं ते पेपरात विचारत नाहीत, एवढंच.

पहिला अर्ज त्यांनी लिहिला तो मुख्यमंत्र्यांना. विषय, ‘अंधाराबाबत’. सुरुवातीलाच भारत महासत्ता होत असताना वगैरे दोन ओळी, आणि शेवटी ‘आपला आज्ञाधारक’. शाळेत पत्रलेखन असंच शिकवतात. मी महासत्ता काढली. आज्ञाधारक खोडून तिथे ‘अर्जदार’ लिहिलं. तो शब्द चौघांनी वाकून वाकून पाहिला. मोठ्याने विचारलं, चालेल का, आम्ही लहान आहोत. अर्ज द्यायला वयाची अट असते असा नियम नोकरीत असताना कधी माझ्या वाचनात आला नाही, हे मी त्यांना सांगितलं.

मग विचारलं, दिवा कोणता? ‘तो मधला.’ मुंबईत ‘मधला’ नावाचा दिवा नसतो. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो, तो घेऊन या. तीन वर्षं त्या खांबाखालून ये-जा करणारी मुलं त्या संध्याकाळी पहिल्यांदा खांब वाचायला गेली. मोबाइलच्या उजेडात, कारण काळोख!

आणि दिवा कोणाचा? ‘महापालिकेचा,’ चौघं एकदम. आता शहर भागात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, वीज बेस्टची आणि रस्त्यावरचे दिवेही बेस्टच सांभाळते. ‘बेस्ट तर बसची ना?’ मी त्यांना बेस्टचं पूर्ण नाव लिहायला लावलं. बृहन्मुंबई विद्युत पुरवठा आणि परिवहन उपक्रम. नावात वीज आधी आहे, बस मागून. कंपनी होती ती, महापालिकेने १९४७ मध्ये ताब्यात घेतली. माझी बहीण भांडुपला राहते, तिला बिल महावितरणचं येतं. भाचा अंधेरीला, त्याला अदानीचं. एकाच शहरात विजेची एवढी घरं आहेत हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. टॉवरवाल्याने घरी जाऊन बिल पाहिलं आणि रात्री साडेनवाला फोन करून मला कळवलं, ‘काकू, बेस्टच आहे.’

अर्ज गेला, पोच मिळाली. आमच्या मजल्यावरच्या मुलाने तिचा फोटो काढून आईला, मावशीला आणि क्लासच्या ग्रुपवर पाठवला. आयुष्यभर शिक्के मारले, पण शिक्क्याचा फोटो निघताना पहिल्यांदा पाहिला.

काही दिवसांनी माणूस येऊन पाहून गेला. दिवा उत्तम चालू. खरी अडचण गुलमोहराची होती. त्याच्या दोन जाडजूड फांद्या दिव्याच्या तोंडापुढेच आल्या होत्या आणि सगळा उजेड पानांच्या वर सांडत होता. मुलांचा हिरमोड झाला. मी मनातून खूष झाले, कारण आता खरी मजा येणार होती. झाड म्हणजे उद्यान खातं. मुंबईत झाडाला मनाला येईल तसा हात लावता येत नाही, १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे. दुसऱ्या अर्जाचा मसुदा त्यांचा त्यांनी केला. मी एकच शब्द बदलला. त्यांनी फांद्या ‘तोडणे’ लिहिलं होतं, तिथे ‘छाटणी’ केलं.

उद्यान खात्याचं पत्र आलं. झाडाचा बुंधा कुंपणाच्या आत, खासगी आवारात असल्याने संबंधित सोसायटीने रीतसर परवानगी घेऊन छाटणी करून घ्यावी. संबंधित सोसायटी कोणती? टॉवरवाल्याचीच. रोज तो त्याच झाडाखालून सायकल काढत होता.

इथे जरा थांबते. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, माणसं गेली, आणि त्या संध्याकाळी चर्चा काय चालली होती ते आठवा. पूल रेल्वेचा की महापालिकेचा. मुंबईत राहणाऱ्याला ‘हे कोणाचं?’ हा प्रश्न पाळण्यातच शिकवायला हवा. रस्ता महापालिकेचा, त्यावरचा दिवा नि बसथांबा बेस्टचा, सिग्नलपाशी वाहतूक पोलीस, भिंतीपलीकडे रेल्वे, मागची इमारत म्हाडाची, आणि झाड सोसायटीचं. कोणत्याही इयत्तेच्या स्वाध्यायात ‘तुमच्या शाळेच्या फाटकाबाहेर दिसणाऱ्या दहा वस्तू कोणाच्या ते शोधा’ हा प्रश्न मला सापडला नाही. मी पेपर काढला असता तर १२ पैकी सहा गुण यालाच दिले असते.

तिसरा अर्ज सोसायटीला. सेक्रेटरी म्हणाले, अर्ज सभासदाचा लागतो. ते बरोबरच होतं. मुलगा सभासद नाही, सभासद त्याची आजी, फ्लॅट तिच्या नावावर. वय ८१. तिने चष्मा लावून अर्ज दोनदा वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि मग सही केली. एवढ्यावर थांबली असती तरी पुष्कळ होतं, पण कमिटीच्या मीटिंगलाही ती खाली उतरली, नातवाला बरोबर घेऊन. तिथे काय झालं ते मला त्याच्याकडूनच कळलं. एकजण म्हणाले, झाड आहे म्हणून गाड्यांना सावली आहे. एकजण म्हणाले, खर्च कोण करणार? एका बाईंना वाटलं, मुलं झाड तोडायला निघाली आहेत, तेव्हा नातवाने अर्ज पुढे करून ‘छाटणी’ शब्दावर बोट ठेवलं. तो एक शब्द मी घातलेला, त्यामुळे मला जरा जास्तच आनंद झाला, कबूल करते.

परवानगी, माणसं मिळणं, गाड्या हलवणं यात एप्रिल गेला. मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत छाटणी झाली. आता त्या तीस पावलांत उजेड आहे. पेव्हर ब्लॉक तसेच आहेत. आणि चौघांतला एक फेब्रुवारीतच गळला, क्लासच्या परीक्षा सुरू झाल्या म्हणून. सगळीच मुलं शेवटपर्यंत टिकतात असं मी सांगणार नाही.

या सगळ्यात मुलं कशाने धरून राहिली, याचा मी विचार करते आहे. दिव्याने म्हणावं, तर तो मे महिन्यात दिसला. उद्यान खात्याचं ते पत्र आलं ना, ते अर्जावर पहिलं नाव त्या मुलीचं होतं म्हणून तिच्या घरच्या पत्त्यावर गेलं. आई घाबरली. त्यांच्याकडे सरकारी पाकीट म्हणजे नोटीस. मुलीने वाचून दाखवलं. पत्र नकाराचंच होतं तसं पाहिलं तर, पण सुरुवातीला ‘अर्जदार’ म्हणून तिचं नाव, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. आईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाशेजारी ठेवलंय. आणि मुलगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारात, ‘पुढचा अर्ज कोणाला?’

शाळांत रोज परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणतात, २०२० च्या जानेवारीत तसा निर्णयच झाला. मला ते आवडतं. सकाळी खिडकीतून ऐकू येतं, ‘आम्ही, भारताचे लोक’, शंभर आवाज एका सुरात. पण रोज ‘आम्ही’ म्हणणाऱ्या मुलांना कधीतरी समोरून ‘तुम्ही’ म्हणून कोणी ओ द्यायला नको का? शाळेत विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ निवडतात, आरोग्यमंत्री नखं तपासतो, क्रीडामंत्री चेंडू उचलून ठेवतो. त्या मंत्रिमंडळाने काही ठरवलं आणि शाळेने ते केलं, असं घडलेलं तुम्ही ऐकलंय?

म्हणून माझी सूचना, शाळांना आणि माझ्या जुन्या घराला, म्हणजे महापालिकेलाही. नववीच्या वर्षात चौघाचौघांच्या गटाने एक अर्ज करावा. खराखुरा, आपल्या वाटेवरच्या एखाद्या वस्तूबद्दल. खांब, नळ, बाक, बसथांब्याची शेड, वाचनालयाची वेळ. तो कोणाकडे जायचा ते गटाने शोधून काढावं आणि स्वतः नेऊन द्यावा. ऑनलाइन तक्रार केली तरी चालेल, तिथेही क्रमांक मिळतो, हे मी आता शिकले आहे. अंतर्गत मूल्यमापनाचे जे गुण शाळेच्या हातात असतात, त्यातले थोडे पोच दाखवल्यावर द्यावेत आणि थोडे उत्तर काय आलं, त्यावर पुढे काय केलं, ते वर्गात उभं राहून सांगितल्यावर. काम झालं की नाही याला गुण नकोत. नाहीतर आई-बाबा ओळखी लावून काम करून आणतील, प्रकल्पवह्या करून देतात तसंच. आणि कृपा करून याची स्पर्धा करू नका. बॅनर लावून, साहेबांना गुलाब देऊन, अर्ज देतानाचा फोटो काढायचा नाही.

कार्यालयाने करायचं ते एवढंच की मुलांच्या अर्जाला मुलांच्या नावाने लेखी उत्तर द्यायचं. दोन ओळी पुरे. ‘हे काम आमच्याकडे येत नाही, अमक्याकडे जा’ हेसुद्धा उत्तर आहे. ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवले’ हे नाही. तो वाक्प्रचार मी स्वतः हजारो वेळा लिहिलाय, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. टेबलावरची मंडळी म्हणतील, आधीच कामं थोडी आहेत का, त्यात पोरांचे अर्ज. मी त्या खुर्चीत असते तर मीही हेच म्हटलं असतं आणि वर, तुमच्या बाईंचं नाव सांगा, असं दरडावलं असतं. पण २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटींचा होता. मुलांना तो आकडा अंकात लिहायला लावला, तर शून्यांवरून दोघांचं भांडण झालं. एवढ्या खर्चात पाकिटं आणि तिकिटं मावतील.

मुख्याध्यापकांची एक भीती मात्र खरी आहे. उद्या एखाद्या गटाने कोणा वजनदार माणसाच्या बेकायदा शेडबद्दल अर्ज केला तर? शाळेवर येईल. म्हणून सुरुवात खांब-नळापासून करा म्हणते. ते धाडस मुलांच्या अंगावर टाकण्याएवढी मी बेफिकीर नाही.

पालकांशी मात्र माझं भांडण आहे. आमच्या मजल्यावरच्या मुलाच्या वडिलांनी मला जिन्यात गाठलं, ‘काकू, कशाला पोरांना या लफड्यात? शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.’ वॉर्ड ऑफिस म्हणजे कोर्ट नव्हे हो, म्हटलं. तर दुसरी म्हण तयार, सरकारी काम सहा महिने थांब. ही म्हण माझ्या तोंडावर किती लोकांनी फेकली असेल! आमच्या गुलमोहराला साधारण चार महिने लागले, तेही मधल्या परीक्षा धरून. मी माझं पहिलं मत १९८४ च्या डिसेंबरात दिलं. तेव्हा २१ वर्षं पूर्ण लागायची, १८ वर आलं ते १९८९ मध्ये. तोवर, एकविसाव्या वर्षापर्यंत, मला कोणी काही विचारलं नव्हतं आणि मीही कोणाला काही विचारलं नव्हतं. थेट मतपत्रिका हातात. शिक्का कुठे मारायचा ते वडिलांनी घरून सांगून ठेवलेलं. तिथेच मारला. या मुलांचं तसं व्हायला नको असेल तर मधल्या वर्षांत त्यांना काहीतरी करू द्या, एवढंच त्यांना म्हणाले. ते ‘बघू’ म्हणून खाली उतरले. पोराला अडवलं मात्र नाही.

येत्या जूनमध्ये ही मुलं दहावीत जातील. निवडणूक प्रक्रियेचा धडा लागेल, सुकुमार सेन येतील. क्लासच्या कोपऱ्यावर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे पुसून गेलेत, त्यासाठी तिघांनी नवा अर्ज लिहायला घेतलाय. पट्टे मारायचे महापालिकेने की वाहतूक पोलिसांनी, यावर गॅलरीत वाद चालू असतो. या खेपेला मसुदा मला दाखवलेला नाही. टेबलावर विसरून गेले होते तेव्हा विषयाची ओळ तेवढी वाचली. ठीक होती.

मी हे पत्र लिहीत होते तेव्हा त्या मुलीने विचारलं, ‘काकू, पेपरवाल्यांना पत्र पाठवलं की पोच मिळते का?’ मला सांगता आलं नाही. म्हणून सोबत पत्राची दुसरी प्रत आणि माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडलं आहे. पत्र छापायचं की नाही हा आपला अधिकार. दुसऱ्या प्रतीवर तारीख टाकून, सही करून तेवढी परत पाठवावी.

अर्जदार,
एक निवृत्त आवक-जावक कारकून
दादर (पश्चिम), मुंबई